निशाणी अंगठा

आपल्या भाषेत निरक्षर मनुष्यास हिणविण्यासाठी जे शब्द रूढ आहेत, त्यांत 'अंगठेबहाद्दर' हा शब्द मला नेहमीच विशेष बोचत आला आहे. ज्याच्या हाती कधी पाटी आली नाही, त्याचा सारा पराक्रम त्याच्या डाव्या अंगठ्यात, असा त्यातील उपरोध. हा शब्द आमच्या जिल्ह्यातून नाहीसा व्हावा म्हणून माझ्यासारख्या अनेक शिक्षकांनी आपली उमेदीची वर्षे खर्च केली. आता साठी उलटून गेल्यावर पाहतो, तो शब्द बराचसा मावळला आहे खरा. परंतु अंगठा मात्र परत आला आहे. आणि तो असा आला आहे की, पदवीधर आणि निरक्षर, वकील आणि वेचणीची मजूर, सर्वांनी एकाच रांगेत उभे राहून तो पुढे करावयाचा आहे.

माझ्या वाचकांपैकी जे मराठवाड्याचे नसतील, त्यांना या गोष्टीचे मर्म कळावे म्हणून थोडे मागे गेले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. सरकारी कागद उर्दूत, सावकाराची वही मोडीत आणि शेतकऱ्याचे बोलणे मराठीत. जो कागद त्यास वाचता येत नव्हता, त्यावर त्याने अंगठा उठवावयाचा आणि जो हिशेब त्यास समजत नव्हता, तो पिढ्यान्‌पिढ्या फेडीत राहावयाचा, असा तो क्रम होता. त्याही पूर्वीच्या मराठेशाहीतील कागदांवर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी काढलेली आढळते. नांगराच्या त्या चित्रात निदान धंद्याचा अभिमान तरी होता. 'निशाणी अंगठा' या दोन शब्दांत तोही उरला नव्हता.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निराळा झाला, त्याच वर्षी मी नोकरीस लागलो. पुढील छत्तीस वर्षांतील बहुतेक काळ भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांतील खेड्यांत गेला. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना झाली आणि त्यानंतर काही वर्षांनी आम्हांकडे रात्रीच्या प्रौढवर्गांची धामधूम सुरू झाली. दिवसभर शाळेत मुलांना शिकवावे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्याच आईबापांना. नांगर धरणारी ती बोटे पेन्सिल धरताना कशी थरथरत, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच ठाऊक. एक वृद्ध शेतकरी तीन महिने केवळ स्वतःचे नाव गिरवीत होता. पुढे गावच्या सोसायटीत कर्जाच्या कागदासाठी सचिवाने सवयीने शाईची गादी त्याच्यापुढे सरकविली, तेव्हा ती एका बोटाने बाजूस सारून म्हातारा म्हणाला, "पेन द्या." मला शासनाचे कोणतेही पारितोषिक मिळाले नाही, परंतु ते दोन शब्द मी पारितोषिकासारखे जपून ठेविले आहेत.

आज तो म्हातारा हयात नाही. असता, तर रेशनच्या दुकानात, मोबाइलचे नवे कार्ड घेताना, दस्तनोंदणीच्या कचेरीत आणि अनुदानाचे पैसे काढताना त्याच्यापुढे पुन्हा एक गादी सरकविण्यात आली असती. फरक इतकाच की, या गादीस शाई नसते. काचेखाली एक लहानसा दिवा लागतो. आणि या वेळी त्यास "पेन द्या" असे म्हणता आले नसते.

अंगठ्याच्या या नव्या राज्याची मुळे कोठे आहेत, याचा शोध घेता एक मौजेची गोष्ट माझ्या वाचनात आली. बोटांच्या ठशांवरून मनुष्य ओळखण्याची सरकारी पद्धत विलायतेहून आपल्याकडे आली, असा माझा समज होता. वस्तुतः तिचा पाळणा बंगालमध्ये हलला. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अंमलदाराने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि पुढे त्याने करार नाकारू नये म्हणून कागदावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ च्या सुमारास हाच हर्शेल हुगळी येथे असताना त्याने पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला. कारण पेन्शनर वारल्यावर त्याच्या नावे दुसराच कोणी येऊन पैसे उचलतो, असा त्याला संशय होता. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाचे गणित बसविण्यात मोठा वाटा उचलला. नाव मात्र झाले ते त्यांच्या वरिष्ठाचे, एडवर्ड हेन्रीचे. तेव्हा पेन्शनर आणि अंगठा यांचा ऋणानुबंध जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. 'आधार' क्रमांकांच्या वाटपाचा आरंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये पेन्शनरांसाठी 'जीवन प्रमाण' ही योजना निघाली, तेव्हा हुगळीच्या त्या साहेबाचा जुना संशयच नव्या पोशाखात अवतरला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता माझी कहाणी. आम्हां निवृत्तांच्या पंचांगात दिवाळीनंतर एक सण असतो. त्याचे नाव 'हयातीचा दाखला'. नोव्हेंबर महिन्यात आपण अद्याप इहलोकी आहोत, असे सरकारास कळवावयाचे. पूर्वी हे काम सुखाचे असे. बँकेत जावे, यादीत आपले नाव शोधावे, त्यापुढे सही करावी, चार समवयस्कांची विचारपूस करावी आणि गतवर्षी ज्यांच्या नावापुढे सही होती व यंदा नाही, त्यांच्यासाठी मनातल्या मनात हात जोडावे. गेल्या वर्षी मात्र मला सांगण्यात आले की, यापुढे हे सारे यंत्रावर होईल, आणि ते इतके सोपे आहे की अर्धा मिनिटही लागणार नाही.

यंत्रापाशी जो तरुण बसला होता, तो माझाच विद्यार्थी निघाला. तिसरीत असताना त्याचे 'ण' आणि 'न' एकमेकांत फार मिसळत. ते मी वेगळे करून दिले होते. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागविला आणि मग संकोचून म्हणाला, "गुरुजी, अंगठा." द्रोणाचार्यांनी शिष्यापाशी अंगठा मागितला, ही कथा मी वर्गात अनेक वेळा सांगितली होती, शिष्य गुरूपाशी अंगठा मागतो, हा अध्याय मात्र मला नवा होता.

मी अंगठा ठेविला. दिवा लागला, विझला, जुळत नाही. डावा ठेविला, जुळत नाही. मग तर्जनी, मध्यमा, अनामिका, अशी दहाही बोटांची परीक्षा झाली आणि सारा वर्ग नापास झाला. रांगेतील अनुभवी मंडळींनी लगोलग उपचार सुचविले. एक म्हणाले, बोट केसांवरून फिरवा म्हणजे तेलकटपणा येईल. माझ्या मस्तकावर त्या सोयीस अवसर नव्हता. दुसरे म्हणाले, कपाळावर घासा. तिसऱ्यांनी ओला रुमाल पुढे केला. त्यावर चौथे म्हणाले, ओले बोट तर मुळीच चालत नाही. घरी आल्यावर सूनबाईंनी बोटांना साय लावावयास सांगितले आणि चार दिवस मी सकाळी सायीने व रात्री खोबरेल तेलाने माझ्या अंगठ्याची जी सेवा केली, ती पाहून धाकट्या नातवाने, आजोबांच्या अंगठ्याचे लग्न आहे काय, अशी चौकशी केली.

दुसऱ्या खेपेसही तोच निकाल लागला. याचे कारण शास्त्रीय आहे आणि ते समजून घेतले म्हणजे यंत्राचा राग थोडा निवतो. बोटांवरील रेषा म्हणजे त्वचेच्या बारीक सरी. त्या सरींच्या माथ्यावर घामाची सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतील ओलाव्याने बोट काचेस नीट चिकटते आणि ठसा स्पष्ट उमटतो. वयोमानाने त्वचा कोरडी पडते, तिचा ताठपणा जातो, सरी सपाट होतात. ज्यांनी आयुष्यभर हातांनी काम केले, त्यांच्या सरी तर म्हातारपणाची वाटही पाहत नाहीत. चुना, सिमेंट, राखेने घासलेली भांडी, कपाशीच्या वाळलेल्या बोंडांची टोके, यांपुढे त्या किती काळ टिकणार? माझ्या बाबतीत छत्तीस वर्षांच्या खडूनेही आपला वाटा उचलला असावा.

तिसऱ्या खेपेस तोंड दाखविण्याचा मार्ग सुचविण्यात आला. २०२१ सालापासून पेन्शनरांसाठी चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आहे. घरबसल्या मोबाइलसमोर बसावे आणि यंत्र सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करावी. समोर खरा मनुष्य आहे, त्याचे छायाचित्र नव्हे, अशी खात्री होण्यासाठी ही युक्ती आहे. मी नातीच्या हातातील मोबाइलकडे पाहून डोळे मिचकावू लागलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून घरातील मंडळी जी हसली, ते अद्याप हसत आहेत. परंतु मला मात्र त्या क्षणी महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आठवले. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नलाचे रूप घेऊन बसले होते. पाच नल समोर असताना खरा कोणता, हे तिने कशावरून ओळखले? देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या गळ्यातील माळा कोमेजत नाहीत आणि त्यांचे पाय भुईस टेकत नाहीत. ज्याच्या अंगावर घाम आणि धूळ होती व ज्याची पापणी लवत होती, तो मनुष्य. त्यालाच तिने वरले.

आमच्या यंत्राची परीक्षा हीच की! बोटांना घाम नाही, म्हणून पहिल्या परीक्षेत मी देवांच्या पंक्तीत जाऊन बसलो. दुसरीत पापणी लवली आणि पुन्हा मनुष्यांत आलो. एवढे करूनही घरातील अंधूक उजेडामुळे दोन वेळा नकार आलाच. शेवटी अंगणात उन्हात बसून, चष्मा काढून, मी हयात असल्याचे सिद्ध केले.

येथवरची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे, आणि मीही ती तशीच सांगत असतो. यंत्राच्या नावे बोटे मोडणाऱ्यांपैकी मी नाही. 'आमच्या वेळी सारे कसे ओळखीवर चाले' असे म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना मी एकच प्रश्न विचारतो: भाऊसाहेबांचा तोतया विसरलात काय? १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यानंतर काही वर्षांनी एक मनुष्य 'मीच भाऊ' असे म्हणत उभा राहिला. प्रत्यक्ष भाऊसाहेबांना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. तरीही कोणी त्याला ओळखले, कोणी नाकारले, त्याच्यामागे सैन्य जमले, किल्ले गेले आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन होईपर्यंत पेशवाई त्या एका प्रश्नाने हैराण झाली. तात्यासाहेब केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक ज्यांच्या घरच्या कपाटात असेल, त्यांना हा इतिहास सांगावयास नको. मनुष्याची ओळख चुकते. ती लोभाने विकली जाते, भीतीने बदलते. मेलेल्याच्या नावे धान्य उचलणारे आणि दुसऱ्याच्या अंगठ्यावर जमीन लाटणारे काही यंत्राने निर्माण केले नाहीत. त्यांना आळा घालण्यासाठी यंत्र आले असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

माझे दुखणे निराळे आहे, आणि ते मला माझ्यावरून नव्हे, तर आमच्या गल्लीच्या टोकाशी राहणाऱ्या एका वृद्धेवरून कळले. तिचा जन्म कपाशी वेचण्यात गेला. मूलबाळ नाही. निराधारांसाठी सरकार जे महिन्याचे अनुदान देते, त्यावर तिचा तेल-मिठाचा खर्च चालतो. एके दिवशी पैसे काढावयास गेली असता तिची बोटे जुळेनात. महिना गेला, दुसरा गेला. तिच्याजवळ मोबाइल नाही, मग त्यावर येणारा सांकेतिक आकडा तरी कोठून येणार? ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि दोन्ही तळहात माझ्यापुढे धरून म्हणाली, "गुर्जी, बघा बरं. जल्मभर या बोटानं काम केलं, अन्‌ आता म्हन्तेत तुझं बोट दिसना. मंग काम केलं कोनं?"

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी तिच्यासोबत गेलो. पैसे देणारा मनुष्य तिच्याच गल्लीत वाढलेला. लहानपणी तिच्या हातची भाकर खाल्लेला. तो तिला 'मावशी' म्हणत होता, तिची समजूत घालीत होता. आणि तरीही त्याला तिचे पैसे देता येत नव्हते. तो खालच्या आवाजात मला म्हणाला, "गुरुजी, मी ओळखतो हो मावशीला. पण माझ्या ओळखीला काय किंमत आहे?" माझ्या स्वतःच्या प्रसंगी माझ्या विद्यार्थ्यानेही जवळजवळ हेच शब्द उच्चारले होते, परंतु तेव्हा मी सायीच्या गमतीत असल्यामुळे त्यांचे वजन मला जाणवले नव्हते.

संस्कृताच्या विद्यार्थ्यास येथे दुष्यंताच्या सभेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. शकुंतला समोर उभी आहे, सोबत गौतमी आहे, शार्ङ्गरव साक्ष देत आहे. परंतु खुणेची अंगठी बोटातून गळून पडली आहे आणि खुणेवाचून राजा तिला स्वीकारीत नाही. त्या काळी बोटातील अंगठी हरवली होती. आता बोट आहे, त्यावरील खूणच हरवली आहे, एवढाच भेद, असे प्रथम वाटते. परंतु खरा भेद याहून मोठा आहे. दुष्यंताची स्मृती दुर्वासाच्या शापाने खरोखरच नाहीशी झाली होती. त्याला शकुंतला आठवतच नव्हती. म्हणून तो नाकारीत होता आणि त्याबद्दल कालिदास त्याला क्षमा करतो. येथे खिडकीमागील मनुष्यास सारे आठवते. तो तिला नावाने हाक मारतो. विसर त्याला पडलेला नाही. आठवण असूनही ती बोलून दाखविण्याचा अधिकार त्याच्यापाशी उरलेला नाही. शाप स्मृतीवर पडला असता, तर अंगठी सापडताच तो सुटला असता. हा शाप साक्षीवर पडला आहे.

याहून विषादाची गोष्ट अशी की, कायद्याने असा काही शाप दिलेलाच नाही. बोटे जुळली नाहीत एवढ्याच कारणाने कोणाचे धान्य अडवू नये, असे केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना कळविले आहे. पेन्शनरासाठी कागदी दाखल्याची वाटही मोकळी आहे. त्या कागदाचा मथितार्थ काय असतो? 'अमुक गृहस्थ आज माझ्यासमोर हजर होते, ते हयात आहेत, असे मी लिहून देतो', आणि खाली एका जबाबदार मनुष्याची सही. म्हणजे एका मनुष्याने दुसऱ्याविषयी दिलेली ग्वाही. वाट आहे, परंतु तिच्यावरून चालण्याची सवय मोडत चालली आहे. यंत्राने 'नाही' म्हटले की हात वर करणे सोपे, आणि 'मी ओळखतो' असे लिहून त्याखाली सही करणे जोखमीचे, असे खिडकीमागील माणसांना वाटू लागले आहे. त्यांचाही सर्वस्वी दोष नाही. सही करणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे वरिष्ठ किती असतात?

त्या वृद्धेचे काम तहसील कचेरीत तीन खेपा घातल्यावर मार्गी लागले. तेथील एका अधिकारी बाईंनी तिला समोर बसवून घेतले, दोन शेजाऱ्यांचे जबाब लिहून घेतले, कागदावर स्वतःची सही केली आणि अडकलेले पैसे देवविले. या कामास वीस मिनिटांहून अधिक वेळ लागला नाही. तीन खेपांपैकी दोन, असे करता येते काय, हे विचारण्यातच गेल्या.

तेव्हा माझी सूचना अगदी लहान आहे. यंत्र राहू द्यावे. परंतु ज्या ज्या खिडकीवर यंत्र आहे, तेथे त्याच्याशेजारी एक वही असावी आणि बोटे जुळली नाहीत तर त्या वहीत ओळखणाऱ्याने जबाबदारीने सही करावी, हा नियम ठळक अक्षरांत भिंतीवर लावलेला असावा. खोटी सही करणारास खुशाल दंड करा. खरी सही करणारास मात्र भिण्याचे कारण ठेवू नका.

हे सरकारने करावयाचे. आपण घरोघर करण्याजोगेही काही आहे. एकत्र कुटुंबात एखादा तरुण मुलगा किंवा मुलगी या यंत्रविद्येत प्रवीण असतेच. त्यांनी आपल्या आजी-आजोबांचे काम करून द्यावे, हे तर झालेच. परंतु तेवढ्यावर न थांबता, जिच्या घरी असा तरुण नाही, त्या शेजारणीबरोबरही एकदा खिडकीपर्यंत जावे. जाताना 'बोट जुळले नाही तर दुसरा मार्ग कोणता?' एवढा प्रश्न पाठ करून जावे आणि उत्तर मिळेपर्यंत तो नम्रपणे विचारीत राहावे. नोव्हेंबर फार दूर नाही. आमच्या गल्लीत अशा कामी लागणाऱ्या माणसांची यादी मी करावयास घेतली आहे. तीत तूर्त अकरा नावे असून, त्यांतील सात जणांनी आपली नावे स्वतःच्या हाताने लिहिली आहेत.